पन्नाशीच्या उंबरठ्यावर बहरलेला फलंदाज : प्रा. दि. ब. देवधर

१९४०-४१ च्या रणजी मोसमात महाराष्ट्र आणि मुंबई यांच्यात पुण्याला जो सामना झाला, त्याचा धावफलक आजही थक्क करतो. महाराष्ट्र ६७५, मुंबई ६५०. मुंबईकडून खंडू रांगणेकर यांनी २०२ धावा काढल्या. पण सामन्यातील सर्वोच्च धावसंख्या होती ती महाराष्ट्राच्या कर्णधाराची, २४६. या कर्णधाराने तेव्हा वयाची अठ्ठेचाळीस वर्षे पूर्ण केलेली होती. पेशाने ते संस्कृतचे प्राध्यापक. सकाळी वर्गात शिकवावे आणि सुटीच्या दिवशी बॅट उचलावी, असे त्यांचे आयुष्य वर्षानुवर्षे चाललेले. अवघ्या पंचवीस धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढे गेला, म्हणजे त्या खेळीचा एक दशांश भाग जरी कमी पडला असता तरी रणजी करंडकाचा त्या वर्षीचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता.

प्रा. दिनकर बळवंत देवधर यांचे नाव नव्या पिढीला माहीत आहे ते बहुधा देवधर करंडकामुळे. करंडकावरचे नाव जितके ठळक होते, तितका त्यामागचा माणूस पुसट होत जातो, हा आपल्याकडचा जुना अनुभव. भारताकडून एकही अधिकृत कसोटी न खेळलेल्या या गृहस्थांना भारतीय क्रिकेटचे पितामह का म्हटले गेले, आणि ज्या वयात खेळाडू निवड समितीवर जाऊन बसतात त्या वयात त्यांची फलंदाजी सुधारत कशी गेली, हे समजून घेण्यासारखे आहे.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा, पुण्यातला. ते पाच वर्षांचे असताना शहरात प्लेगने थैमान घातले होते. टिळक-आगरकरांच्या वारशावर वाढणाऱ्या त्या पुण्यात क्रिकेट हा कँटोन्मेंटमधील साहेबांचा खेळ मानला जाई. पण पेठांतील मुलांनी तो केव्हाच आपलासा केला होता. त्या मुलांना शिकवणारा कोणी नव्हता. प्रशिक्षण शिबिरे, नेट, पुस्तके यांतले काही हाताशी नसताना शिकण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे पाहणे. याच पुण्यात युरोपियनांच्या क्लबवर मैदानाची देखभाल करणारे पालवणकर बाळू नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी टाकता टाकता देशातील सर्वोत्तम डावखुरे फिरकी गोलंदाज झाले होते. मैदानाच्या कडेला उभे राहून, दुसऱ्याचा खेळ डोळ्यांनी टिपून घेत घडलेल्या क्रिकेटपटूंची ही पिढी होती.

ते कोणत्या खेळपट्ट्यांवर घडले, हेही ध्यानात घ्यायला हवे. आज हिरवळीच्या खेळपट्टीला पर्याय म्हणून सिमेंट वा कृत्रिम पृष्ठभाग असतो. तेव्हा कडक जमिनीवर अंथरलेले काथ्याचे मॅटिंग असे. मॅटिंग ताणून खुंट्या ठोकल्या, की चेंडू टप्पा पडल्यावर सरळ आणि उंच उसळतो. तेच सैल राहिले, तर फिरकीला चेंडू हातभर वळतो. उसळी उंच असली तरी ती एकसारखी असते, म्हणून फलंदाज मागे सरकून, चेंडू छातीपर्यंत येऊ देऊन, तो कट किंवा पुल करायला शिकतो. पुढे पाय टाकून ड्राइव्ह मारण्याची सवय मात्र त्याला कमी लागते, कारण उसळत्या चेंडूवर ड्राइव्ह म्हणजे झेल. मुंबईला चौरंगी सामन्यांत हिरवळीच्या खेळपट्टीवर उतरले की तोच फलंदाज गोंधळे. तिथे चेंडू खाली राहतो, थांबून येतो, आणि मॅटिंगवर वेळेवर बसणारा फटका इथे घाईने बसतो. पुण्याच्या फलंदाजाला म्हणून दोन घड्याळे जवळ बाळगावी लागत, एक मॅटिंगचे आणि दुसरे हिरवळीचे.

१९११ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, देवधरांनी हिंदू संघाकडून प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. तेव्हा मुंबईतील स्पर्धा तिरंगी होती. युरोपियन, पारशी आणि हिंदू असे तीन संघ. पुढल्याच वर्षी मुसलमानांचा संघ आला आणि ती चौरंगी झाली. १९३७ मध्ये ख्रिस्ती, ज्यू आदींचा शेष संघ आल्यावर पंचरंगी. धर्माच्या नावाने संघ उभे करून खेळली जाणारी ही स्पर्धा त्या काळात देशातील सर्वांत मोठी, सर्वांत चुरशीची आणि प्रेक्षकांनी तुडुंब भरणारी स्पर्धा होती. देवधरांच्या कारकिर्दीचा मोठा भाग याच स्पर्धेत गेला.

आणि याच स्पर्धेत त्यांच्या चरित्रातील एक अवघड प्रसंग घडला. गौरवलेख लिहिताना तो सहसा टाळला जातो. १९२० मध्ये हिंदू संघातून बाळूंना वगळण्यात आले. कर्णधार एम. डी. पै आजारी पडले. बाळूंचे बंधू विठ्ठल आणि शिवराम संघात होते. विठ्ठल तर तेव्हाच्या हिंदू फलंदाजांत अग्रगण्य. तरीही कर्णधारपद देण्यात आले ते देवधरांना. बाळू आणि त्यांचे भाऊ दलित समाजातील, देवधर पुण्याचे ब्राह्मण प्राध्यापक. निवडीमागचे गणित कोणालाही कळण्यासारखे होते. विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन देऊन संघातून अंग काढून घेतले. वर्तमानपत्रांतून चर्चा झाली, जनमत भावंडांच्या बाजूने झुकले, आणि अंतिम सामन्याला पै परतले तेव्हा बाळूंना उपकर्णधार करून तिन्ही भावांना संघात सन्मानाने घेण्यात आले. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. निवड करणारे दुसरे होते हे खरे. पण ते पद स्वीकारणारे देवधर होते, आणि त्यांचे चरित्र सांगायचे तर हे पान फाडून टाकता येत नाही. पुढे ज्या संघामुळे त्यांचे नाव झाले, तो संघ कसा होता हे पाहताना या पानाची आठवण ठेवावी लागते.

१९१६ साली शिक्षण प्रसारक मंडळीने पुण्यात न्यू पूना कॉलेज सुरू केले. पुढे ते सर परशुरामभाऊ महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. देवधर तेथे संस्कृत शिकवत. क्रिकेटवर घर चालवण्याची सोय त्या काळी संस्थानिकांच्या पदरी राहणाऱ्यांनाच होती. देवधर कोणत्याही महाराजांच्या पदरी नव्हते. त्यांची मिळकत अध्यापनाची, म्हणून खेळासाठी वेळ काढायचा तो सकाळ-संध्याकाळच्या तासांतून आणि सुट्ट्यांतून. सरावाला थोडा वेळ मिळणाऱ्या माणसाला तो वेळ वाया घालवता येत नाही. त्यांच्या दीर्घ कारकिर्दीचे एक कारण मला या टंचाईतच दिसते.

१९२६ च्या हिवाळ्यात आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एमसीसीचा संघ भारतात आला. मॉरिस टेट, जॉर्ज गिअरी असे इंग्लंडकडून कसोटी खेळणारे गोलंदाज त्यात होते. त्याआधी भारतीय फलंदाज या दर्जाच्या गोलंदाजीसमोर कितपत टिकतील, याबद्दल इंग्रजांनाच काय, भारतीयांनाही खात्री नव्हती. डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू संघाकडून खेळताना सी. के. नायडू यांनी अकरा षटकारांसह १५३ धावा झोडपल्या आणि ती शंका एका दुपारी उडवून लावली. पण एका प्रतिभावंताची आतषबाजी म्हणून ती बाजूला ठेवता आली असती. दोनच आठवड्यांनी त्याच मैदानावर अखिल भारतीय संघाचा एमसीसीशी अनधिकृत कसोटी सामना झाला, आणि त्यात देवधरांनी १४८ धावांची खेळी केली. भारताने पहिल्या डावात आघाडी घेतली. सामना अनिर्णित राहिला; परंतु इंग्लंडच्या गोलंदाजांना शांतपणे, तासन् तास खेळून काढणारा फलंदाजही या देशात आहे, हे सिद्ध झाले. ज्या जिमखान्याच्या मैदानावर हे घडले त्या जिमखान्याचे सदस्यत्व भारतीयांना मिळत नव्हते, हा त्या दिवसांचा आणखी एक विरोधाभास.

गिलिगन यांनी परत जाताना भारतीय क्रिकेटच्या बाजूने शब्द टाकला. १९२८ मध्ये नियामक मंडळ स्थापन झाले आणि जून १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला. त्या संघात देवधर नव्हते. त्यांचे वय तेव्हा चाळीस होते. कर्णधार नायडू छत्तीसचे. डिसेंबर १९३३ मध्ये भारतातील पहिली कसोटी झाली ती मुंबई जिमखान्यावर, सात वर्षांपूर्वी देवधरांनी १४८ धावा काढल्या होत्या त्याच मैदानावर. लाला अमरनाथ यांनी तेथे ११८ धावा काढून भारताचे पहिले कसोटी शतक नोंदवले. त्याही संघात देवधर नव्हते. १९३६ चा इंग्लंड दौरा झाला, तेव्हा ते चव्वेचाळीसचे होते. दार उघडावे म्हणून ज्यांनी धक्का दिला, त्यांतल्या एकाला दार उघडले तेव्हा बाहेरच राहावे लागले.

चाळिशीचा माणूस कसोटीसाठी म्हातारा, हा निकष तेव्हा जगात सर्वत्र लागू होता असे मात्र नाही. इंग्लंडचे जॅक हॉब्ज १९३० मध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी शेवटची कसोटी खेळले, आणि त्यांच्या प्रथम श्रेणीतील शतकांपैकी जवळजवळ निम्मी चाळिशीनंतरची आहेत. विल्फ्रेड ऱ्होड्स त्याच वर्षी वेस्ट इंडीजमध्ये कसोटी खेळले ते बावन्नाव्या वर्षी. देवधरांना घेतले असते तर त्यांनी काय केले असते, याची चर्चा व्यर्थ आहे. पुढच्या दहा वर्षांत त्यांनी काय केले, ते मात्र धावफलकांवर आहे.

येथे थोडे विषयांतर करून फलंदाजीतील वेळेच्या गणिताकडे वळले पाहिजे. देवधरांच्या उत्तरायुष्यातील खेळाचे मोल त्याशिवाय कळणार नाही. खेळपट्टीची लांबी बावीस यार्ड, म्हणजे वीस मीटरहून किंचित जास्त. वेगवान गोलंदाजाच्या हातून सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोचायला अर्धा सेकंद घेतो, मध्यमगती गोलंदाजाचा त्याहून थोडा अधिक. डोळ्यांनी पाहिलेल्याला शरीराने उत्तर द्यायला सुमारे पाव सेकंद लागतो. उरलेल्या वेळात टप्पा ओळखायचा, पाय हलवायचे आणि बॅट खाली आणायची. वय वाढते तसा पहिला फटका बसतो तो या पाव सेकंदाला. विशीतला फलंदाज चुकीचा अंदाज बांधूनही शेवटच्या क्षणी हात सावरून घेतो. पंचेचाळिशीतल्याला ती मुभा राहत नाही.

टायमिंग म्हणजे जोर नव्हे. बॅटचे पाते खाली येताना ज्या क्षणी ते सर्वांत वेगात असते आणि चेंडू डोळ्यांच्या बरोबर खाली असतो, त्या क्षणी दोहोंची गाठ पडणे म्हणजे टायमिंग. गाठ आधी पडली तर चेंडू हवेत उडतो आणि मिडऑफच्या हाती जातो. उशिरा पडली तर कड लागून यष्टिरक्षकाकडे. ज्याचे डोके स्थिर नाही त्याला चेंडू नेमका कुठे आहे हे कळत नाही, आणि ज्याचा खालचा हात घट्ट आहे तो बॅट आधी ओढतो. म्हणून पुण्याच्या मैदानांवर जुने जाणते लोक मुलांना अजूनही तीन गोष्टी सांगतात : डोके हलवू नका, खालचा हात सैल ठेवा, चेंडू येऊ द्या. तिसरी गोष्ट सांगायला सर्वांत सोपी आणि करायला सर्वांत कठीण. चेंडूकडे धावत जाण्याची ओढ माणसाच्या स्वभावातच असते.

वय झालेला फलंदाज टिकतो तो हरवलेला पाव सेकंद दुसरीकडून परत मिळवून. एक तर तो चेंडू लवकर ओळखायला लागतो. गोलंदाजाचे मनगट, खांदा, धावण्याची लय यांवरून टप्प्याचा अंदाज घेतो. दुसरे म्हणजे बॅट मागे नेण्याचा पल्ला कमी करतो, म्हणजे ती परत यायला कमी वेळ लागतो. तिसरे, आणि हेच सर्वांना जमत नाही, तो काही फटके सोडून देतो. तारुण्यात ज्या फटक्यावर टाळ्या मिळाल्या तो फटका पुन्हा न मारण्याचा निश्चय करणे सोपे नाही. यातले नेमके काय देवधरांनी केले हे आज धावफलकावरून सांगता येणार नाही. पण अठ्ठेचाळिसाव्या वर्षी २४६ धावांपर्यंत जाणाऱ्या माणसाने हा हिशेब कुठे ना कुठे मांडलेला असतो. शिवाय इतका वेळ खेळून झाल्यावर समोरच्या संघाच्या साडेसहाशे धावा होईपर्यंत त्याला क्षेत्ररक्षणही करायचे होते. केवळ तंत्राने हे होत नाही, पाय आणि छाती मजबूत लागते.

१९३९ मध्ये देवधर महाराष्ट्राचे कर्णधार झाले. रणजी करंडक सुरू होऊन पाचच वर्षे झाली होती. मुंबईने पहिले दोन, आणि नंतर नवानगर, हैदराबाद, बंगाल यांनी एकेक करंडक जिंकला होता. महाराष्ट्राकडे कोणाचे लक्ष नव्हते. त्या संघात सांगलीचे विजय हजारे होते, रंगा सोहोनी होते, पुढे पुण्यातील मार्गदर्शक म्हणून नाव कमावलेले कमल भांडारकर होते, एन. डी. नगरवाला होते. नावे नुसती वाचली तरी एक गोष्ट लक्षात येते. हजारे ख्रिस्ती, नगरवाला पारशी. पंचरंगी स्पर्धेत यांतला कोणीही देवधरांच्या हिंदू संघात बसू शकत नव्हता. हजारे तेथे शेष संघाकडून खेळत, आणि १९४३ मध्ये हिंदूंविरुद्ध शेष संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारेंनी काढल्या होत्या. महाराष्ट्राच्या टोपीखाली मात्र ते सर्व एकत्र उभे राहिले. वीस वर्षांपूर्वी जातीच्या पारड्यात तोलून ज्यांना एक कर्णधारपद मिळाले होते, त्यांच्या वाट्याला आता प्रांताचा, सर्वांचा संघ आला होता. माझ्या मते देवधरांची खरी कर्णधारकी ही दुसरी.

हजारे यांचे उदाहरण तंत्राच्या दृष्टीनेही बोलके आहे. बॅट दोन्ही पायांच्या मधोमध धरून उभे राहण्याची त्यांची पद्धत पुस्तकात बसणारी नव्हती. भारतात आलेले ऑस्ट्रेलियाचे थोर फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांनी त्यांची गोलंदाजी घडवली. फलंदाजीचा पवित्रा मात्र आहे तसाच राहू द्यावा असा सल्ला दिला. देवधरांच्या संघात हजारे त्याच पवित्र्याने खेळले. जानेवारी १९४० मध्ये पुण्याला बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी करंडकातील ते पहिले त्रिशतक. नवव्या गड्यासाठी नगरवालांबरोबर त्यांनी २४५ धावांची भागीदारी केली. नववा गडी खेळायला आला की डाव संपल्यात जमा, अशी त्या काळची समजूत. तिला महाराष्ट्राने रजा दिली.

त्याच मोसमाचा अंतिम सामना पुण्यातच संयुक्त प्रांताविरुद्ध झाला. संयुक्त प्रांत २३७ आणि ३५५. महाराष्ट्र ५८१ आणि बिनबाद १२. दहा गड्यांनी विजय, आणि करंडक प्रथमच महाराष्ट्रात. पुढल्या वर्षी मुंबईवरील त्या पंचवीस धावांच्या आघाडीनंतर महाराष्ट्राने नॉर्दर्न इंडियाविरुद्ध ७९८ धावांचा डोंगर रचला. अंतिम सामना मद्रासला, परक्या मैदानावर, परक्या हवेत. मद्रास १४५ आणि ३४७. महाराष्ट्र २८४ आणि चार बाद २१०. पुण्याच्या फलंदाजांच्या नंदनवनातच या संघाच्या धावा होतात, असे म्हणणाऱ्यांना त्या सहा गड्यांच्या विजयाने उत्तर मिळाले. सलग दोन वर्षे करंडक राखण्याचा पराक्रम त्याआधी फक्त मुंबईने केला होता.

पुढे हजारे बडोद्याला गेले, युद्धाचे दिवस आले, संघ विस्कळीत झाला. देवधर खेळत राहिले. १९४४-४५ मध्ये नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात त्यांनी १०५ आणि १४१ अशी दोन शतके काढली. पन्नाशी उलटलेल्या माणसाने एका सामन्यात दोनदा शतक काढावे, ही घटना प्रथम श्रेणी क्रिकेटच्या इतिहासात दुर्मीळच. २४६ धावांच्या खेळीला नशिबाची साथ असू शकते, एखादे जीवदान, एखादी थकलेली गोलंदाजी. पण पहिल्या डावात शतक काढून, दमून, दुसऱ्यांदा उतरल्यावर पुन्हा शतक काढणे ही तंत्राची आणि दमसासाची साक्ष आहे. एकूण ८१ प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनी ३९.३२ च्या सरासरीने ४,५२२ धावा केल्या, नऊ शतके ठोकली. त्यांतील किमान तीन अठ्ठेचाळिशीनंतरची. १९४८ मध्ये त्यांची कारकीर्द संपली. पहिल्या महायुद्धाच्या आधी सुरू झालेली ही खेळी दुसऱ्या महायुद्धानंतर, देश स्वतंत्र झाल्यावर आटोपली. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या. महाराष्ट्राच्या फलंदाजीची ती परंपरा अव्याहत चालू होती.

घरातही खेळाचेच वातावरण होते. ज्या काळात पुण्यातील मुलींनी मैदानावर जाणे हाच चर्चेचा विषय होई, त्या काळात तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या कन्या बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय विजेत्या झाल्या. १९४० च्या दशकात भारतीय महिला बॅडमिंटनवर देवधर भगिनींचा दबदबा होता. संस्कृतच्या प्राध्यापकाच्या घरातून तीन राष्ट्रीय विजेत्या मुली निघाव्यात, ही गोष्ट मला त्यांच्या २४६ धावांइतकीच महत्त्वाची वाटते. दुर्दैवाने तिच्याबद्दल फारच थोडे लिहिले गेले आहे.

निवृत्तीनंतर देवधर क्रिकेटच्या प्रशासनात आणि निवड समितीत राहिले. १९६५ मध्ये पद्मश्री आणि १९९१ मध्ये, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी, पद्मभूषण. १९७३-७४ पासून त्यांच्या नावाने विभागीय संघांची मर्यादित षटकांची स्पर्धा सुरू झाली. ज्यांनी संपूर्ण आयुष्य तीन-तीन, चार-चार दिवसांचे सामने खेळण्यात घालवले, त्यांचे नाव झटपट क्रिकेटच्या करंडकाला द्यावे, यात थोडी गंमत आहे. पुढे स्पर्धेचे स्वरूप अनेकदा बदलले, मध्ये ती काही वर्षे बंदही पडली आणि २०२३ मध्ये पुन्हा खेळवली गेली. १९९६ मध्ये टपाल खात्याने नायडू, मर्चंट, मंकड यांच्याबरोबर देवधरांचेही तिकीट काढले. त्या चौघांत कसोटी न खेळलेले ते एकटेच.

१४ जानेवारी १९९२ रोजी त्यांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली. प्रथम श्रेणी क्रिकेट खेळलेल्या भारतीयांत हा टप्पा गाठणारे ते पहिले. त्यानंतर २०२० मध्ये मुंबईचे वसंत रायजी आणि रघुनाथ चांदोरकर यांनी तो गाठला. यांपैकी चांदोरकर हे १९४३-४४ पासून काही वर्षे महाराष्ट्राकडूनच खेळलेले, म्हणजे देवधर अजून मैदानावर असतानाच्या त्या संघातले.

आज पुण्यातील कोणत्याही मैदानावर सकाळी गेले तर पाठीवर स्वतःहून मोठी किट बॅग घेतलेली मुले दिसतात. नेटमध्ये यंत्र चेंडू टाकते, पालक मोबाइलवर फटक्याचे चित्रण करतात आणि संथ गतीत ते पाहून कोपर कुठे होते याची चर्चा चालते. साधने उत्तम आहेत, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र यंत्राला मनगट नसते, खांदा नसतो. चेंडू सुटण्याआधी तो कसा येणार हे ओळखण्याची विद्या यंत्रासमोर उभे राहून साधत नाही. ती माणसांची गोलंदाजी वर्षानुवर्षे खेळूनच येते. देवधरांच्या पिढीला यंत्र मिळाले नाही, ही एका अर्थी त्यांची सोयच झाली.

१९४०-४१ नंतर महाराष्ट्र रणजीच्या अंतिम फेरीत १९७०-७१ मध्ये पोचला आणि मुंबईकडून हरला. २०१३-१४ मध्ये पोचला आणि कर्नाटककडून हरला. या दोहोंच्या मध्ये, १९९२-९३ च्या मोसमात, आणखी एकदा संधी आली होती. त्या वेळी पंजाबने महाराष्ट्राला हरवले. देवधर तेव्हा एकशे एक वर्षांचे होते, आणि महाराष्ट्राला करंडक जिंकून देणारा एकमेव कर्णधार हा त्यांचा मान अबाधित राहिला. त्याच वर्षी, २४ ऑगस्ट १९९३ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले.